मी थॉर्नटन, मुक्काम पोस्ट कळंब

मी एक जुनं आडनाव आहे, मित्रांनो. छत्री, फळा, बैलगाडी यांनी आपापली कहाणी तुम्हाला आजवर पुष्कळदा ऐकवली असेल. आडनावाला मात्र कुणी बोलायला उभं करत नाही. हजेरीच्या वेळी सर घाईघाईनं आमचा उच्चार करतात, तेवढाच काय तो आमचा मान. आज माझी पाळी आली आहे, तर जरा निवांत ऐका. माझं नाव थॉर्नटन. जन्म इंग्लंडचा आणि सध्या मुक्काम पोस्ट कळंब, जिल्हा धाराशिव. हसू नका, खरंच सांगतो.

उत्तर इंग्लंडात काटेरी झुडपांच्या कुंपणात वसलेलं एक लहानसं खेडं होतं. काटेरी झाडांची वस्ती म्हणून त्या खेड्याला थॉर्नटन म्हणत. त्या काळी तिकडच्या साध्या माणसांना आडनावच नसे. नुसता जॉन, नुसता विल्यम, एवढ्यावर भागायचं. त्या खेड्यातला एक जॉन मेंढ्या घेऊन बाजाराच्या गावी गेला आणि तिथंच राहिला. तिथं आधीच जॉन उदंड होते. मग कुणी विचारलं, कोणता जॉन? तर लोक म्हणायचे, तो थॉर्नटनचा. असा मी जन्मलो. गंमत बघा, खुद्द त्या खेड्यात कुणालाच थॉर्नटन म्हणत नसत. गाव सुटल्याशिवाय गावाचं नाव माणसाला चिकटत नाही. म्हणजे मी जन्मापासूनच परगावचं पोर.

पुढं माझी माणसं लोकरीच्या मागं मागं फिरली. कुणी घरात हातमाग लावला, कुणी लीड्स शहरातल्या कापडगिरणीत कामाला लागलं. बहुतेकांना अक्षर येत नव्हतं. ते कागदावर फुली मारायचे आणि शेजारी कारकून मला लिहायचा. काही जण जहाजात बसून ऑस्ट्रेलियाला गेले, काही कॅनडाला. मी त्यांच्याबरोबर गेलो आणि इंग्लंडातही राहिलो, कारण आडनावाला बोचकं बांधावं लागत नाही. लग्न करून घरात आलेली बाईही माझंच नाव लावायची, तिकडचीही रीत तीच. लोकांनी मला दुकानाच्या पाटीवर रंगवलं, थडग्याच्या दगडावर कोरलं. दगडावर पुढं शेवाळ चढलं आणि मला वाचायला कुणी आलं नाही. पण मी कुरकुर केली नाही. एकीकडं विसरले तरी दुसरीकडं कुणीतरी मला मिरवतच होतं.

अलीकडं मी लीड्समध्ये रॉबिन नावाच्या तरुणाच्या शर्टावरच्या बिल्ल्यावर होतो. रॉबिन शहर बसचा ड्रायव्हर. त्याच्या बसनं हर्षाली नावाची मुलगी रोज दवाखान्यात कामाला जायची. ती कळंबची, आणि तिचे वडील बलभीम हिवरखेडकर एसटीचे ड्रायव्हर होते. त्यामुळं पहिल्याच दिवशी उतरताना तिनं रॉबिनला विचारलं, "जेवलात का?" अर्थात त्यांच्या भाषेत. तिकडं ड्रायव्हरला असं कुणी विचारत नाही. रॉबिन तिथंच गार झाला. पुढचं मी सांगत बसत नाही, तुम्ही लहान आहात.

लग्न कळंबला ठरलं. पत्रिकेवर मला छापलं तेव्हा माझा ऊर भरून आला: चि. रॉबिन पीटर थॉर्नटन, मु. पो. लीड्स, जि. यॉर्कशायर. तालुका मात्र कुणाला सापडला नाही. पत्रिका वाटताना बलभीमरावांची चांगलीच परीक्षा झाली. आपल्याकडं आडनाव ऐकलं की माणूस कोणत्या लोकांतला ते मनातल्या मनात ठरवून टाकतात. माझ्यापाशी सगळ्यांचं गणित अडायचं. "थॉर्नटन म्हंजी कोणत्या लोकांपैकी?" एकानं अगदी खोदून विचारलं. बलभीमराव म्हणाले, "ड्रायव्हर लोकांपैकी." आणि पुढच्या घरी निघाले. त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला.

पत्रिकेवर माझ्या शेजारी हिवरखेडकर हे आडनाव छापलेलं होतं. शेजार म्हटल्यावर बोलणं आलंच. त्याची कहाणी ऐकून मी थक्क झालो. बलभीमरावांचे आजोबा वाशी तालुक्यातलं हिवरखेडा सोडून कळंबच्या बाजारात पोती उचलायला आले. लोक त्यांना हिवरखेड्याचे म्हणू लागले आणि शाळेत मुलाचं नाव घालताना गुरुजींनी हिवरखेडकर लिहिलं. हिवर हेही काटेरी झाडच. तेव्हा आम्ही दोघं एकाच जातकुळीचे, काटेरी! पण एक मोठा फरक होता. माझ्या नावाची माणसं देशोदेशी पसरली आहेत. हिवरखेडकर हे एवढं एकच घर उरलं होतं. बलभीमरावांना भाऊ नाही, मुलगा नाही, हर्षाली एकुलती एक. ती थॉर्नटन झाली की हे आडनाव बलभीमराव आणि त्यांची बायको सत्यभामाबाई यांच्याबरोबर संपणार होतं. "बलभीम काही बोलत नाही," हिवरखेडकर मला म्हणालं, "पण हल्ली घराबाहेर पडताना रुमालानं दारावरची पाटी पुसतो."

लग्नाआधी हर्षालीनं वडिलांना सरळ सांगितलं होतं, "अप्पा, मी हिवरखेडकरच राहणार."

बलभीमराव एकदम चिडले. "येडी का काय तू? लोक म्हणतील, बलभीमला पोरगं न्हाय म्हणून पोरीच्या गळ्यात आडनाव अडकवलं. रीतीपरमानं व्हायचं ते व्हईल."

मुलीनं तोंड फिरवलं आणि विषय तिथंच थांबला. जे मनात होतं त्याच्या बरोबर उलटं बलभीमराव बोलले होते. माणसं असं का करतात ते मला अजून उमगलेलं नाही.

आता ही रीत काय ते ऐका. लग्न लागलं की सासरच्या घरी ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा सोन्याच्या अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहितो. आडनाव तर बदलतंच, पुष्कळदा पहिलं नावसुद्धा बदलतात. रॉबिनचे आईवडील थकलेले, त्यांना एवढा प्रवास झेपणार नव्हता. मग सासर आणायचं कुठून? तेव्हा मल्लिनाथ पुढं झाले. बलभीमराव गाडी चालवायचे तेव्हा हे त्यांचे कंडक्टर, जन्माचे दोस्त. "पोराला हितं कुणी न्हाय म्हणता? आमी काय मेलो?" असं म्हणून त्यांनी आणि त्यांच्या बायकोनं, श्रीदेवीकाकूंनी, आपलं घर वरपक्षाला देऊन टाकलं. एवढंच नाही, मल्लिनाथ वरपक्षासारखे वागूही लागले. तेरखेड्याहून फटाके आणले. चहा गार म्हणून रुसले. बलभीमरावांना हात जोडायला लावून मगच घोट घेतला, आणि मग दोघं म्हातारे पोट धरून हसत सुटले.

लग्न लागलं आणि दुपारी मल्लिनाथांच्या ओसरीवर ताट मांडलं. खरं सांगतो, मी अधीर झालो होतो. दगडावर, पाटीवर, बिल्ल्यावर मी राहिलो होतो, पण तांदळात मला कुणी कधी लिहिलं नव्हतं. रॉबिन महिनाभर देवनागरी गिरवत होता. त्यानं अंगठी हातात घेतली, 'हर्षाली' अशी अक्षरं काढली आणि थांबला. मग तिच्याकडं बघून त्यानं मराठीत विचारलं, "पुढं काय लिहू?"

या ताटापाशी नवरीला कुणी काही विचारत नसतं. तिचं नाव दुसऱ्यांनी ठरवायचं आणि तिनं खाली बघायचं. हर्षालीनं वडिलांकडं पाहिलं. तिचे डोळे भरले होते. बलभीमराव खांबाला टेकून उभे होते. ते म्हणाले, "त्यात इचारायचं काय? जावयाचं आडनाव लिवा अन् मोकळं व्हा."

तेव्हा बायकांच्या घोळक्यातून सत्यभामाबाई बोलल्या. चारचौघांत त्या कधी आवाज चढवत नसत, आताही चढवला नाही.

"माझं माहेरचं नाव वत्सला. ह्या असल्याच ताटात मला सत्यभामा केलं. कुणी इचारलं न्हाय. मग सासूबाई सत्यभामा, सत्यभामा म्हणून हाका मारायच्या अन् मला कळायचंच न्हाय की मलाच बोलावत्यात. लई दिवस वळायची न्हाय मी. सासूबाईंनी गावभर सांगितलं, सून बहिरी हाय." बायका हसल्या. सत्यभामाबाई हसल्या नाहीत. "आवं, पोरीला तिच्या नावानं हाक मारली तर वळू द्या. तिला बहिरी करू नगा."

बलभीमरावांनी बायकोकडं पाहिलं. एवढ्या वर्षांचा संसार, पण त्या तेव्हा का वळत नसत, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं. रॉबिनला शब्द सगळे कळले नसतील, पण नवरीचा चेहरा कळला. त्यानं पुढं 'हिव' एवढी अक्षरं काढली आणि ताटाची कड आली. हिवरखेडकर त्या ताटात मावेना.

कुणी काही बोलायच्या आत बलभीमराव खांब सोडून आत गेले. भांडी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ ते मल्लिनाथांच्या घरातली कणीक मळायची भली मोठी परात घेऊन बाहेर आले. त्यांनी ती रॉबिनपुढं ठेवली, त्यात स्वतःच्या हातानं तांदूळ पसरले आणि म्हणाले, "हं, लिवा. मोकळं मोकळं लिवा."

मल्लिनाथ ओरडले, "आरं, वरपक्षाची परात वधूपित्यानं पळवली!" मग सगळेच हसले. हर्षाली रडता रडता हसत होती.

मी मात्र परातीबाहेर राहिलो, मित्रांनो. जरा वाईट वाटलं, लपवत नाही. पण रॉबिनजवळ मी आहेच, आणि माझा तो मराठी भाऊ तांदळात एवढा ऐसपैस पसरलेला पाहून मला मनापासून आनंद झाला. एक आडनाव जगावं म्हणून दुसऱ्यानं थोडं सरकून बसलं, तर त्यात काही बिघडत नाही.

संध्याकाळी घरी निघताना बलभीमराव अंगणात थांबले. सत्यभामाबाई श्रीदेवीकाकूंशी बोलत पाठमोऱ्या उभ्या होत्या. बलभीमरावांनी इकडंतिकडं पाहून हलकेच हाक मारली, "वत्सला, चल."

त्या वळल्या नाहीत. त्यांनी पुन्हा हाक मारली, "वत्सला." तरीही त्या बोलतच राहिल्या. शेवटी बलभीमराव म्हणाले, "सत्यभामा." तशा त्या लगेच वळल्या. "काय वो?"

"काय न्हाय," बलभीमराव म्हणाले.

मित्रांनो, माझी विनंती एवढीच आहे. कुणाचं आडनाव विचाराल तर तो माणूस कोणत्या लोकांतला हे ताडायला विचारू नका, त्याचे आजोबा कोणत्या गावाहून चालत आले ते विचारा. आणि आज घरी गेल्यावर आजीला तिचं माहेरचं नाव विचारा. त्या नावानं तिला एकदा हाक मारा. ती वळली नाही, तर पुन्हा मारा.