विलायती दाव्याचा अंदाज

शेषरावांनी दाव्याच्या खर्चाच्या कागदावर ‘दुभाषी’ या शब्दापुढे मांडलेली रक्कम बोटाने झाकली आणि वकिलांकडे पाहिले.

“हे कावून? तुमाले इंग्रजी येते ना?”

“मला येतं. पण मी काही लिव्हरपूलला जाणार नाही,” वामनराव म्हणाले. “तिथे ताहेरमियांची साक्ष झाली, तर त्यांचं बोलणं न्यायाधीशाला कोण समजावणार?”

“ताहेरचं बोलनं मलेच समजत नाही, तं त्याले काय समजनार?”

शेषरावांचे कारभारी ताहेरमिया यांनी गाठी आपल्या देखरेखीखाली गाड्यांवर चढवल्या होत्या. साक्षीसाठी विलायतेला जायला ते एका पायावर तयार होते. फक्त आपला आचारी सोबत हवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आचाऱ्याचाही खर्च अंदाजात चढला होता.

वामनराव सकाळी अकोल्याहून अमरावतीला आले, तेव्हा हा अंदाज एका कागदात मावेल असे शेषरावांना वाटले होते. आता उन्हे ओसरीच्या पायरीवर उतरली तरी तो संपत नव्हता. अमेरिकेतल्या लढाईमुळे कापसाला सोन्याचे मोल आले, तेव्हा शेषरावांनी दलालाला न विकता स्वतःच्या मार्क्याचा माल मुंबईच्या अडत्यामार्फत थेट विलायतेला धाडला. लढाई थांबली, भाव कोसळला, आणि नेमकी तेव्हाच एका गाठीत खोट निघाली. त्या एका गाठीपायी लिव्हरपूलच्या घेणाऱ्याने सगळा माल नाकारून शेषरावांना लबाड ठरवले. हा डाग धुतला जाईपर्यंत त्या मार्क्याच्या गाठीला हात लावायला मुंबईत कोणी तयार नव्हते. आणि शेतात नवी बोंडे भरत होती.

“हरलो, तर त्यांच्या वकिलाचा खर्चही आपल्यालाच सोसावा लागेल,” वामनराव म्हणाले.

“म्हंजे मले लबाड म्हनाची मजुरी बी मीच देऊ?”

“तिथला कायदा तसा आहे.”

“कायदा बी त्याइचा, समुद्र बी त्याइचा. लिहा.”

वामनरावांनी लिहिले. ते सावकाश, वळणदार लिहीत, आणि त्या संथपणानेच शेषरावांचे डोके अधिक तापे. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

“आणखी एक बाब आहे. गाठीत सापडलेला गोटा त्यांनी मोहोर लावून ठेवला आहे. त्याला काही तांबडं लागलेलं आहे. मुंबईच्या दाबखान्यात गाठी पक्क्या दाबताना तिथल्या मुकादमाने तो घातला, असा आपला दावा. तेव्हा ते तांबडं मुंबईत गाठींवर मार्का मारायच्या रंगाचं आहे, हे सांगायला रसायन जाणणारा माणूस लागेल.”

“गोट्याले वैद्य?” शेषरावांचा आवाज चढला. “त्या मुकादमाले चार दिवस कोठडीत घाला, आपोआप कबूल करन तो. माह्या घरून दगड गेलाच नाही, एवढं सांगाले वैद्य कायले पायजे?”

दाराशी माणिकबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. गाठीत खोट निघाली, एवढेच त्यांच्या कानावर होते. काय निघाले, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

“कुंकू असंन ते,” त्या म्हणाल्या.

दोघांनीही वळून पाहिले.

“सीतादहीच्या पूजेचा गोटा हाये तो. वेचनीच्या आंधी वावरात पाच गोटे कुंकू लावून मांडतो ना मी, त्यातला एक घरच्या रुईत ठेवतो. माहाई सासू बी ठेवे. बरकत राह्यते. वातीले, गादीले लागनारी रुई घरीच राह्यते, मंग वेचनीच्या येळी गोटा काढून वावरात नेतो.” तांब्या त्यांनी खाली ठेवला. “गुदस्ता घरची रुई तुमी गाडीवर टाकली. मी म्हनत व्हती, राहू द्या.”

शेषरावांना गाडी भरल्याचा दिवस आठवला. त्या दिवशी ताहेरमिया ओरडत होते, गाडीत एका डोकड्याची, म्हणजे एका कच्च्या गाठोड्याची, जागा उरली म्हणून. आणि त्या भावात रिकामी जागा धाडायला शेषरावांचे मन धजले नव्हते. “घरचा टाक,” असे त्यांनीच सांगितले होते.

वामनरावांनी टाक पुसून ठेवला. मग ते हलक्या आवाजात म्हणाले, “वहिनींचं बोलणं या ओसरीबाहेर गेलं नाही, तर आपला अंदाज आहे तसाच उभा आहे.”

“अन् मुकादम?”

“तो त्याचं पाहील.”

“गेलं बाहीर तं?”

“मग इतकंच म्हणता येईल, की चूक झाली, लबाडी नव्हती. एका गाठीची नुकसानी भरू, बाकीचा माल उचला. वहिनींची जबानी इथेच साहेबापुढे होईल. पण इतक्यावर मार्का वाचेलच, याची हमी कोणता वकील देईल?”

शेषरावांनी पत्नीकडे पाहिले. त्या चिडलेल्या नव्हत्या, घाबरलेल्याही नव्हत्या. तुळशीपाशी उभे राहून बोलावे तशा बोलल्या, “मले इचारलं तं मी ठेवला म्हनूनच सांगीन. मांगून तुमी मले बोलू नका.”

मग शेषरावांनी दिवसभराचे कागद उचलले. दुभाषी, आचारी, वैद्य, सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली, आणि ते उभे फाडून बैठकीखाली सारले.

“नव्यानं मांडा, वकीलसाहेब. गोटा आमचा हाये, असं धरून.”

वामनरावांनी सुस्कारा टाकला आणि कोरा कागद पुढ्यात ओढला. साहेबापुढच्या जबानीचा खर्च लिहिला. एका गाठीची नुकसानी लिहिली. शेषरावांनी तीत घासाघीस केली, ती थोडी कमी झाली.

“अन् तो गोटा परत आनाचं भाडं बी लिहा,” दारातून माणिकबाई म्हणाल्या. “औंदा वावरात चारच मांडा लागतीन.”

वामनरावांचा टाक थबकला. पाव-शेराचा दगड, आगबोट, विमा. त्यांनी शेषरावांकडे पाहिले. आता हे काय म्हणणार, ते त्यांना ठाऊक होते.

शेषरावांनी घासाघीस न करता दौत त्यांच्याकडे सरकवली.