माझा पुढे केलेला डावा हात

मी एक जुना, काशाचा कोळी आहे. मात्र आजतागायत एकही मासा मी धरलेला नाही. कारण मित्रांनो, मी पुतळा आहे. माझा जन्म एका अतिथंड परदेशातील भट्टीत झाला. त्या देशाचे बुडते खलाशी व्होलीकोपे गावच्या कोळ्यांनी वादळातून वाचविले होते. त्या उपकाराची फेड म्हणून तेथील सरकारने मला घानाच्या या किनाऱ्यावर पाठविले.

माझ्या उजव्या हाती वल्हे आहे. डावा हात मी बुडत्यास वर ओढण्याकरिता पुढे केलेला आहे. घडविणाऱ्याचा हेतू निर्मळ होता. परंतु या गावी डावा हात पुढे करणे म्हणजे समोरच्याचा धडधडीत अपमान, हे त्यास कोणी सांगितले नव्हते. अनावरणाच्या दिवशी ढोल वाजत होते. पडदा सरकला, आणि ढोल थांबले.

तेव्हापासून माझ्या जिवास स्वस्थता नाही. होड्या येत, आणि मी प्रत्येकास डावा दाखवीत उभा! हात मागे घ्यावा असे क्षणोक्षणी वाटे. पण धातूला वाटून काय उपयोग? "पाहुणा म्हणून आलाय, पण वळण नाही मेल्याला," असे पुटपुटत बायका मला वळसा घालून जात.

पुढे एका हंगामात जाळी रिकामी येऊ लागली. "समुद्रालाच डावा दाखवतोय, मासे येतील कसे?" असा दोष माझ्यावर आला आणि माझा हात कापण्याचे ठरले. वेल्डरने ज्योत पेटविली. गावप्रमुख तोग्बी अकोली छत्रीखाली येऊन बसले. प्रथेप्रमाणे ते स्वतः जमावाशी बोलत नाहीत. त्यांच्या वतीने प्रवक्ता दोग्बात्से बोलतो.

इतक्यात मासे धुरावर भाजून विकणारी आवुशी मावशी गर्दीतून पुढे घुसली.

"थांब रे! त्याच्या उजव्या हातात वल्हं आहे. भर समुद्रात वल्हं टाकून द्यावं का त्याने?"

"उजवा गुंतला तर डावा चालतो, मावशी, कबूल," दोग्बात्से म्हणाला. "पण आधी माफी मागावी लागते. या गृहस्थाने मागितली का कधी?"

"तो कसा बोलणार? आपल्या तोग्बींना चांगलं तोंड असून तू लागतोस बोलायला. मग याच्यासाठी मी!"

लोक खो खो हसले. छत्रीखालीही खांदे हलले. मावशी माझ्या शेजारी उभी राहिली व रीतसर म्हणाली, "डावा हात आहे, माफी असावी."

हे शब्द कानी पडल्यावर उत्तर न देणारा माणूस या गावात जन्मलेला नाही. सारा जमाव सवयीने बोलून गेला, "तोही हातच आहे!"

वेल्डरही बोलला. मग तो ओशाळला आणि त्याने ज्योत विझविली.

हात वाचला, तरी तगमग शमली नाही. अनोळखी माणूस होडीतून उतरला की अजूनही मनात धस्स होते: मावशी आज बाजारात असेल तर? तिचे गुडघेही आता थकले आहेत.

मित्रांनो, माझ्या अंगावरचे मीठ तुम्ही पुसले नाही तरी चालेल. परंतु मला पाहून कोणाच्या कपाळी आठी पडली, तर माझ्या वतीने तेवढे बोला. मुक्याची माफी जवळ उभ्या असलेल्यानेच मागायची असते.