रातपाळीचं जेवण

"आई, दोन घास तरी खा ना! ऐसे कैसे चलेगा?" ह्यांनी ताट पुन्हा आत्याबाईंपुढे, म्हणजे माझ्या सासूबाईंपुढे, सरकवलं.

"इच्छाच होत नाही रे, मालोजी. जबरदस्ती नको करू." आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला आणि त्या उठल्या.

मामंजींना जाऊन महिना होत आला होता. आत्याबाई दुपारी चिमणीएवढं खायच्या, रात्री तेही नाही. चोळीच्या बाह्या लोंबायला लागल्या. डॉक्टर तपासून म्हणाले, "बिमारी काही नाही. मन उठलंय त्यांचं." ह्यांनी तर मनाशी धरलंच, की आई वडिलांच्या मागे निघाली. संस्थान जाऊन नवं राज्य झाल्यापासून ह्यांचा कचेरीत केवढा रुबाब, पण त्या रात्री चुलीपाशी येऊन माझ्यासमोर रडले. मलाही वाईट वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर रागही येत होता. रांधावं मी, आणि ताट तसंच परत यावं!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवला होता. मिलचा भोंगा झाला, रातपाळी सुटली. आत्याबाई भिंतीला टेकून जप करत होत्या. माणूस मिलमधून चालत घरी पोचेल एवढा वेळ गेला असेल, आणि त्यांचं पोट केवढ्याने तरी गुरगुरलं! त्यांनी घाईघाईने तांब्या तोंडाला लावला आणि घटाघटा पाणी पिऊन चोरी सापडल्यासारखं माझ्याकडे पाहिलं.

"आत्याबाई, भूक लागली?"

"हळू बोल, मालोजी ऐकेल." त्यांचे डोळे भरून आले. "नवऱ्याला जाऊन महिना नाही झाला, आणि मला सकाळी सकाळी दाल-भात आठवतो गं. शरम वाटते. पाणी पिऊन दाबून टाकते. फिर दिवसभर भूक फिरकतच नाही."

मी चहाचं भांडं खाली उतरवून ठेवलं. मामंजी जन्मभर रातपाळीचे. सकाळी येऊन आंघोळ करायचे, पोटभर जेवायचे आणि झोपायचे. ताटात तूप लावलेला एक घास मुद्दाम ठेवायचे, आणि आत्याबाई त्याच ताटात आपलं वाढून घ्यायच्या. संध्याकाळी मग आत्याबाईंना वाटीभर दूध पुरायचं. नवी नवरी होऊन आले तेव्हा मी तोंड फिरवून हसले होते. सगळं इंदूर पोहे खातंय, आणि ह्यांच्याकडे आमटी-भात!

रातपाळी मामंजींनी केली, आणि मुरली ती ह्या बाईच्या आतड्यात. मिलचं फाटकसुद्धा कधी न पाहिलेली बाई! माणूस गेला, अस्थी नर्मदेत गेल्या, पण त्याची जेवायची वेळ हिच्या शरीरात जिवंत होती. कुणी न सांगता रोज जागी होत होती. देवळात उगाच सवयीने जुळणारे माझे हात त्या सकाळी खरोखर जुळले.

"शरम कसली?" मी म्हणाले. "ही भूक मामंजींनी लावलीय. तुम्ही तिला मारता कशाला?"

त्यांनी पदराने डोळे पुसले आणि पुन्हा जप सुरू केला.

पुढच्या सकाळी भोंग्याआधीच मी डाळ-भात उतरवला. पाट मांडला. मामंजींचं काठाला पोचा आलेलं ताट फळीवरून काढलं.

"ये क्या? इतक्या सकाळी?" हे दारातून म्हणाले.

"तुम्ही जरा गप्प राहा," मी म्हणाले. ह्यांना असं पहिल्यांदाच बोलले.

आत्याबाई आंघोळ करून पाटावर बसल्या. भोंगा झाला तरी त्यांनी ताटाला हात लावला नाही. दाराकडे पाहत राहिल्या. थोड्या वेळाने हात आपसूक भाताकडे गेला. एक घास, मग दुसरा. मग मान वर न करता त्यांनी आणखी भात मागितला. हे चौकट धरून तसेच उभे होते.

जेवण झालं तेव्हा ताटात तूप लावलेला एक घास उरला होता. आत्याबाईंनी पाटावरून उठून ते ताट माझ्याकडे सरकवलं.

"बस गं शालू," त्या म्हणाल्या. "तू जेवायची राहिलीस."

मी बसले, आणि आधी तो घास खाल्ला.