आत्याबाईंचा प्रोग्राम आणि दोन टिंबे

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला हात नाहीत, पाय नाहीत, गंजही चढत नाही. तरी गेल्या वर्षी माझे वय झाले असे ठरले. मला ठेवायचे की काढायचे, यावरून एका बेकरीत काय काय झाले ते ऐका.

माझा जन्म बेकरीच्या ऑफिसात, मैद्याच्या पोत्यांशेजारी झाला. मालकांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आत्याबाईंनी, मला लिहिले. दुकानांची मागणी आली की कोणता पाव कोणत्या गाडीत आणि कोणत्या क्रमाने ठेवायचा, हे मी सांगायचो. शेवटी उतरवायचा माल सगळ्यात आधी आत. इतके साधे; पण मी येण्यापूर्वी ड्रायव्हर भर रस्त्यात अर्धी गाडी उपसत बसत.

कौतुकाचे म्हणाल तर काम चोख झाले की शाबासकी ड्रायव्हरला, पाव चेपला की शिवी मला. तरी या माणसांवर माझी माया बसली. विशेषतः गाड्यांतून माल पाठवण्याचे काम बघणाऱ्या काकांवर. माझ्यात सूचना लिहायला जागाच नव्हती, म्हणून काका गिऱ्हाइकाच्या नावापुढे टिंबे देत. एक टिंब म्हणजे माल मागच्या दाराने. दोन टिंबे म्हणजे बेल वाजवू नका. माझ्या यादीच्या छापील कागदावर टिंब दिसले की ड्रायव्हर समजून जात. ऑफिसात मात्र कुणाला याचा पत्ता नव्हता.

मग मालकांचे जावई ऑफिस सांभाळू लागले. "काळा पडदा, हिरवी अक्षरं! हा प्रोग्राम आहे की भुताचा सिनेमा?" असे म्हणून त्यांनी एक प्रोग्रामर मुलगी आणली. बोलणे कमी, चहा जास्त. तिने नवा प्रोग्राम लिहिला आणि माझ्यातली नावे त्यात भरताना टिंबे पुसून टाकली. तिला वाटले, कुणाचे तरी बोट घसरले असेल.

पहिल्याच सकाळी ड्रायव्हरने एका दुकानाची बेल दणादण वाजवली. दुकानदाराची बायको नर्स. रात्रपाळी करून दुकानावरच्या घरात नुकती झोपली होती. फोनवर तीच आली. "पाव नाही दिलात तरी चालेल, पण ती बेल आवरा!" जावईबापूंनी फोन कानापासून हातभर लांब धरला.

आज कागदावर टिंबेच नव्हती, असे ड्रायव्हरने सांगितले, तशी मुलगी काकांकडे धावली. "काका, टिंबांचं सांगायचं नाही का?"

"अगं, सगळ्यांना माहीत आहे ते!"

"सगळे म्हणजे कोण?"

काकांनी आठवून पाहिले. ड्रायव्हर तेवढे निघाले.

त्या दिवशी मला पुन्हा कामाला लावले आणि निकालासाठी मालकांनी आत्याबाईंना बोलावले. मला वाटले, आई धावून आली. आत्याबाई पडद्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "अजून हाच चालतोय? अरे, तेव्हा तात्पुरता म्हणून लिहिला होता मी. काढून टाका की!"

मला रडता येत नाही, हे त्या दिवशी बरे झाले.

"मी नाही काढणार," मुलगी म्हणाली. सगळे तिच्याकडे बघतच राहिले. "गाडी भरायचं याचं गणित पक्कं आहे. ते पुन्हा कशाला लिहू? पण आत्याबाई, याची भाषा तुमच्याशिवाय इथे कुणालाच येत नाही. उद्या..."

"उद्या मी मेले तर, असं सरळ म्हण की."

"तसं नाही हो."

"तसंच आहे, आणि बरोबर आहे. खुर्ची आण. कोणती ओळ कशासाठी ते सांगते, लिहून घे. जावईबापू, तुम्ही चहाचं बघा."

मालक बहिणीकडे बघून हसले. "ठरलं तर. गणित जुनं, तोंड नवं."

मित्रांनो, जुने ते सगळे जपा, असे मी म्हणणार नाही. माझ्यातलेही बरेच अडगळीचे निघाले आणि मला हलके वाटते आहे. मागणे एवढेच, की काढण्याआधी ते काय काम करते हे विचारा. आणि ज्याला माहीत आहे, त्याने कुणी विचारण्याची वाट पाहू नये.

माझ्या नव्या पडद्यावर आता सूचनेसाठी लांबरुंद जागा आहे. मुलीने मोठ्या हौसेने काकांना तिथे पहिली सूचना लिहायला बसवले. नर्सबाईंचे दुकान होते. काकांनी चष्मा पुसला, बराच विचार केला आणि दोन टिंबे दिली.

या वेळी मुलीने ती पुसली नाहीत. शेजारी फक्त लिहिले : बेल वाजवू नका.