पंधराव्या गोळीचं नाव

"प्रत्येक गोळीला एक माणूस दे, कार्पो. संध्याकाळी घरी गेल्यावर ज्याचं तोंड बघावंसं वाटतं, असं माणूस. आधी एक नमो मरिया म्हण, मग त्याचं नाव घे, आणि मग गोळी आत सोड. बिननावाची गोळी कधी भरू नकोस. ती हातातून उगाच सुटते."

मनोंग उर्बानोने, गाडीवरच्या जुन्या गार्डाने, हे सांगितलं त्याला बावीस वर्षं झाली होती. सांगणारा कधीच मातीआड गेला होता, पण पोलिकार्पो नुफाब्लेने एकही सकाळ चुकवली नव्हती. फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या कंपनीत बँकांची रोकड नेणाऱ्या चार चिलखती गाड्या होत्या. त्यातल्या तीन नंबरच्या गाडीत चढण्याआधी तो भिंतीकडे तोंड करून उभा राही, रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडी आणि सहा घरांत सहा माणसं बसवी. आई, बायको सालोमे, तिन्ही मुलं, आणि सहावा खुद्द उर्बानो. आई आणि उर्बानो पुढे वारले, तरी त्यांची घरं त्याने दुसऱ्या कुणाला दिली नाहीत. बावीस वर्षांत सहापैकी कुणालाही रस्त्यावर बाहेर पडावं लागलं नाही. कार्पोच्या मते ही उर्बानोची पुण्याई होती. गाडीत त्याच्या शेजारी बसणाऱ्या किर्बीच्या मते, त्या गंजक्या रिव्हॉल्व्हरला बघून चोरांनाच दया येत असावी.

मग कंपनीने रिव्हॉल्व्हर परत मागितली आणि टेबलावर काळी, चपटी पिस्तुलं मांडली. एकेकाच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे दांड्यात सरकवायच्या डबीत, पंधरा गोळ्या. शुक्रवारी परीक्षा. तीस गोळ्या झाडायच्या, चोवीस तरी आखलेल्या चौकटीत लागायला हव्यात. जो नापास होईल त्याला गाडीवरून उतरवून पावियाच्या गोदामावर पाठवणार. तिथे कोंबड्यांच्या खाद्याची पोती राखायची, हातात शिट्टी.

"शिट्टी चांगली असते, नोंग," थोरल्यांना म्हणायच्या मनोंगचं नोंग करत किर्बी म्हणाला. "तिला कुणाचं नाव द्यावं लागत नाही."

 कार्पोच्या निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती. बावीस वर्षं गाडीच्या दारातून उतरताना ज्याने पहिलं पाऊल टाकलं, त्याने शेवटी पोत्यांपुढे शिट्टी वाजवायची, हे त्याच्या घशाखाली उतरत नव्हतं.

शिकवायला मॅम दिविनाग्रासिया होत्या. पोलिसांतून निवृत्त, उंचीने जेमतेम पाच फूट. आवाज इतका हळू की ऐकायला सगळ्यांना श्वास धरावा लागे. सोमवारी त्यांनी कार्पोला पहिल्यांदा उभं केलं. त्याने सहा गोळ्या झाडल्या आणि थांबला. अंगठा सवयीने चक्राची कळ शोधू लागला.

"का थांबलात, नोंग कार्पो?"

"संपल्या, मॅम."

"नऊ आहेत अजून."

"हो का," कार्पो म्हणाला. पाहुणे निघालेत असं समजून दार लावावं आणि आत नऊजण जेवायचे राहिलेले दिसावेत, तसा त्याचा चेहरा झाला.

खरी फजिती पुढेच होती. रिव्हॉल्व्हरच्या रिकाम्या पुंगळ्या चक्रातच राहत. सराव झाला की त्या सहाच्या सहा कंपनीला परत द्यायच्या. एक जरी कमी भरली तरी मेमो, आणि मेमोला लेखी उत्तर. हे पिस्तूल मात्र प्रत्येक गोळीसरशी पुंगळी उजवीकडे भिरकावून देत होतं. सातवी उडाली तशी कार्पोची मान तिच्यामागे वळली. आठवी त्याने डाव्या हाताने झेलायचा प्रयत्न केला आणि हात भाजला. नववी गवतात गेली, तेव्हा तो पिस्तूल खाली करून सरळ तिच्या मागे निघाला.

"कुठे चाललात?" मॅमनी विचारलं. आवाज तेवढाच हळू.

"पुंगळी आणतो, मॅम."

"गोळीबार चालू असताना?"

"मेमो येईल."

पाठीमागे नऊ गार्ड होते. हसावं की नाही हे त्यांनी आधी मॅमच्या तोंडाकडे बघून ठरवलं. मग हसायचं कोणी राहिलं नाही.

मॅमनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी त्यांना टाचा उचलाव्या लागल्या. "नोंग, समोरून कोणी बंदूक रोखली असेल तेव्हा पुंगळ्या वेचायच्या नसतात. मेमो आला तर माझ्याकडे घेऊन या."

पुंगळ्यांचं ओझं असं उतरलं. नावांचं उतरेना. संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या टेबलाशी कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर आकडे घालून बसला. सालोमे भात उपसत होती.

"सहा आहेत," तो म्हणाला. "नऊ हवेत."

"दोन्ही नातवंडं धर."

"आठ झाले."

"जावई."

कार्पोने पेन्सिल थांबवली. "संध्याकाळी ज्याचं तोंड बघावंसं वाटतं, असं सांगितलंय उर्बानोने."

"नातवंडं त्याच्याच गाडीवर बसून येतात ना? मग तोंड दिसायलाच हवं त्याचं."

जावई नववा बसला. दहाव्या घरात सालोमेने आपल्या आईला बसवलं आणि वर बघितलं. कार्पोने निमूटपणे लिहून घेतलं. अकरावा गाडीचा ड्रायव्हर बुडोय, बारावा किर्बी, तेरावे चर्चचे फादर हिलारियो. चौदावी ला पासच्या बाजारातली खानावळवाली नांग पासिंग. तिचं तोंड दिसलं की बाचोयचा, शेवयांच्या गरम सुपाचा, वाडगा समोर येई, वर न मागता रस्सा.

"आणि पंधरावा?" सालोमेने विचारलं.

"मेणबत्त्यांच्या मरियामातेचं नाव घालतो."

"तिला तू घरी परतायची वाट बघत बसायला वेळ आहे का? माणूस दे म्हणालाय उर्बानो." तिने भांडं खाली ठेवलं. "सेमोला घाल."

कार्पोने कागद उलटा केला. त्या बाजूला फेब्रुवारी होता. तो फेब्रुवारीच वाचत बसला.

आन्सेल्मो उर्फ सेमो हा शेजारी. पूर्वी अठरा वर्षं रोज संध्याकाळी कार्पोच्या अंगणातल्या बांबूच्या बाकावर येऊन बसणारा. कार्पोकडे जनरल नावाचा झुंजीचा कोंबडा होता, त्याला सेमोच मक्याचे दाणे निवडून घालायचा. नऊ वर्षांपूर्वी एका रविवारी जनरल कुंपणाच्या भोकातून पलीकडे गेला, आणि दुपारी सेमोच्या घरून कच्ची पपई घातलेल्या कोंबडीच्या रश्श्याचा, तिनोलाचा, वास आला. एवढंच नाही, तर सेमोने त्यातला वाडगाभर कार्पोकडे पाठवला. कार्पोने तो खाल्ला, वर चांगला झालाय असा निरोपही धाडला. संध्याकाळी कोंबडा शोधताना त्याला सगळं कळलं. सेमो म्हणे, मला वाटलं रस्त्यावरचा आहे. कार्पोने त्याच दिवशी भोकावर पत्रा ठोकला. आठ खिळे. तेव्हापासून एक शब्द नाही.

"ती गोळी मी त्याच्या नावाने भरणार नाही," तो म्हणाला. "झाडायची असेल तर बघू."

"काल संध्याकाळी बाकाकडे बघत होतास."

"बाकाला वाळवी लागलीय का ते बघत होतो."

"नऊ वर्षं?" सालोमे म्हणाली आणि भात वाढला.

शुक्रवारी मैदानात उन्हं तापली होती. किर्बीची पाळी कार्पोच्या आधी होती. कार्पो मागे उभा राहून बघत होता, आणि किर्बीच्या दर गोळीबरोबर त्याच्या ओठांवर आपसूक एकेक नाव येत होतं. पहिलं मॅगझिन चौदा नावांवर आणि एका रिकाम्या जागेवर संपलं. दुसरं सुरू झालं. आई, सालोमे, थोरली, मधला, धाकटी. किर्बी भराभर झाडत होता. बुडोय, किर्बी, फादर, नांग पासिंग. शिट्टी झाली, वेळ संपली. किर्बीने मॅगझिन खाली काढलं आणि मागे वळून सगळ्यांना दाखवलं. त्यात काही नव्हतं.

"सफाचट," तो म्हणाला. पिस्तूल बुटाकडे लोंबत होतं आणि बोट चापावर होतं. नुसता चाप ओढून तो मोकळा होणार होता, रिव्हॉल्व्हरच्या दिवसांत व्हायचा तसा. रिव्हॉल्व्हरचं चक्र उघडलं की सहाही घरं डोळ्यांसमोर; रिकामं म्हणजे रिकामं.

"किर्बी, बोट काढ," कार्पो म्हणाला. "एक आत आहे."

"नोंग, मॅगझिन रिकामं आहे. बघा ना."

"पासिंगपर्यंतच बाहेर आलेत. पंधरावा आलेला नाही."

"पंधरावा कोण?"

"ते अजून ठरायचंय. पण आत आहे."

मॅम दिविनाग्रासिया पुढे झाल्या. त्यांनी किर्बीच्या हातून पिस्तूल घेतलं, नळी मातीच्या बांधाकडे केली आणि वरचा भाग मागे खेचला. मॅगझिनमधून आधीच वर चढून नळीच्या मागच्या टोकाशी बसलेली एक आख्खी गोळी टुणकन उडून किर्बीच्या बुटावर पडली. किर्बी आपल्या बुटाकडे बघत राहिला. आत पाचही बोटं आहेत ना, हे तो एकेक हलवून बघत असावा.

"तुम्ही मोजत होता?" मॅमनी विचारलं.

"मोजत नव्हतो, मॅम. नावं घेत होतो."

कोणाची नावं, हे त्याने सांगितलं. मॅमनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "भरा."

भिंत नव्हती म्हणून कार्पो गाडीकडे तोंड करून उभा राहिला. एकेक नमो मरिया, एकेक नाव. ज्यांना परीक्षेत बाहेर पडावं लागणार होतं, त्यांची त्याने मनातल्या मनात माफी मागितली: ही रस्त्यावरची नव्हे, कागदावरची फेरी आहे. दहाव्या गोळीपासून स्प्रिंग ताठ होऊ लागली. सासूबाईंना अंगठ्याने बराच जोर द्यावा लागला. चौदावीला अंगठा लाल झाला. पंधरावी जाईना. त्याने दाबली, ती परत वर आली. पुन्हा दाबली, पुन्हा वर.

"बिननावाची आहे म्हणून जात नसेल," किर्बी मागून म्हणाला. आज त्याचा आवाज चेष्टेचा नव्हता.

कार्पोने डोळे मिटले. बाक दिसला, आणि बाकावर अर्धा मका हातात घेऊन जनरलशी बोलणारा माणूस दिसला. 'बरं,' तो मनात म्हणाला, 'सेमो. आणि माते, गाडीवर राहिलो, तर आधी मी जाईन. तो येण्याची वाट बघणार नाही.' त्याने अंगठा दाबला. खट्.

तो सावकाश झाडत गेला, ओठांतल्या ओठांत पुटपुटत. मॅम शेजारी उभ्या होत्या. 'सासूबाई' म्हणून बार झाला तेव्हा त्यांनी एक पाऊल बाजूला घेतलं. पुंगळ्या उजवीकडे उडत राहिल्या. त्याची मान फक्त एकदा वळली, आणि ती त्याने लगेच सरळ केली. दुसरं मॅगझिन भरतानाही पंधरावीने तसाच हट्ट केला, पण या वेळी नाव तयार होतं.

मॅमनी कागद काढून आणला आणि भोकं मोजली. तेवीस चौकटीच्या आत. सहा सरळ बाहेर. एक चौकटीच्या रेषेवर.

"रेषेला लागलेली धरतात," त्या म्हणाल्या. "नियम आहे. चोवीस. ही कोणती?"

कार्पोने कागद डोळ्यांजवळ नेला. झाडताना एकच गोळी इतकी डावीकडे गेल्याचं त्याला आठवत होतं. "शेवटची, मॅम. सेमो."

"कोण लागतो तुमचा?"

"शेजारी." मग त्याला ते पुरेसं वाटेना. "कुंपणापलीकडे राहतो."

घरी आला तेव्हा चार वाजले होते. सालोमेने अंगठ्याकडे बघितलं आणि निकाल विचारला नाही; थोडं तेल आणून चोळलं. त्याने कपडे बदलले, अंगणातल्या झाडाच्या दोन कच्च्या पपया उतरवल्या आणि खोक्यातून पक्कड काढली.

"फाटकाने जा ना," सालोमे म्हणाली. "जवळ आहे."

"तिकडून नको. जनरल इकडून गेला होता."

पपया काखेत मारून तो कुंपणाशी गेला आणि उकिडवा बसला. पत्रा चांगलाच गंजला होता. पलीकडे कोणीतरी जीपनीचं, प्रवासी गाडीचं, इंजिन ठोकत होतं. कार्पोने पहिल्या खिळ्याला पक्कड लावली. खिळा कुरकुरला, पलीकडची ठोकाठोक थांबली. त्याने जीभ दातांत धरून खिळा उपसला, खिशात टाकला, आणि दुसऱ्याला हात घातला.