निम्म्या भावाचा शालू

तुळशीची लग्नं उरकली आणि राम आळीतल्या एका कापडदुकानाने दिवाळीचा उरलेला माल निम्म्या भावात काढला. कमलाबाईंच्या लेकीचं, उर्वीचं लग्न मार्गशीर्षात होतं. शालू इथूनच घ्यायचा असं ठरवून त्या सुनेला, भार्गवीला घेऊन निघाल्या. भार्गवीला सातवा महिना होता.

दुकान उघडायच्या आधीच बायका दारापासून रस्त्यापर्यंत दाटल्या होत्या.

"आई, गर्दी बघा हो. मागाहून येऊया."

"मागाहून काय, चिंध्या राहतील. तू पुढे हो गो. पोट बघून वाट देतात."

पहिल्यांदा वाट दिलीही. मग शटर वर गेलं आणि कोणी कोणाचं राहिलं नाही. कमलाबाई दोन्ही हातांनी सुनेची पाठ रेटत होत्या. भार्गवीच्या हाताला मोतिया रंगाचा शालू लागला. त्याचं दुसरं टोक एका बुरखेवाल्या बाईच्या हातात होतं.

"सोडू नको," कमलाबाई मागून म्हणाल्या.

तिने सोडला नाही. मागून लोंढा आला, लाकडी काउंटरचा कोपरा तिच्या पोटात बसला आणि ती खाली बसली.

"आई, मला बाहेर न्या."

"आलेच. बिल करून येते."

बुरखेवाल्या बाईने शालू सोडला, भार्गवीला काखेत धरून बाहेर आणलं, पायरीवर बसवलं आणि रिक्षा थांबवली. कमलाबाई पिशवी घेऊन आल्या तोवर भार्गवीची साडी भिजली होती.

मुलगी होती. रडली नाही.

संध्याकाळी दवाखान्यात नवरा आला, सलिल. खाटेशी बसून मोसंबं सोलत राहिला.

"आईंनी ढकललं मला," भार्गवी म्हणाली.

"आत्ता काही बोलू नको. उर्वीचं लग्न तोंडावर आलंय."

घरी भेटायला येणाऱ्यांना कमलाबाई सांगत, पायरीवरून पाय घसरला. मग आतून शालू आणत. "हात लावून बघा. निम्म्या भावात मिळाला."

लग्नाच्या दिवशी भार्गवी दाराशी हळदीकुंकवाचं तबक घेऊन उभी राहिली. कमलाबाईंनी ते तिच्या हातातून अलगद काढून घेतलं.

"तू मागे बस. शुभकार्य आहे, आज तुझा हात नको."

सलिल शेजारी उभा होता. तो पाहुण्यांना गुलाबपाणी शिंपडत राहिला. भार्गवी खोलीत गेली, पिशवी उचलली आणि नेसत्या साडीनिशी एसटी स्टँडवर आली. मंडणगडची, माहेरची गाडी लागलेली होती.

"भरल्या लग्नातून गेली हो," कमलाबाई महिनाभर सांगत होत्या. "चार माणसांत तोंड दाखवायला जागा ठेवली नाही."

सलिल तिला न्यायला गेला तेव्हा ती पडवीत तांदूळ पाखडत होती.

"का आलास?" तिने विचारलं.

"आईने पाठवलंय."

ती पाखडत राहिली. तो तिच्या वडिलांना परतीच्या गाडीची वेळ विचारून निघाला.