उरलेली साल

हर्षालीच्या पोटातली गाठ कॅन्सरची नाही हे कळलं, त्या दिवशी सोमनाथच्या घरी पेढे आले. हर्षालीने एक हातात घेतला आणि तसाच ताटलीत ठेवून दिला. वर्षभर तिची कंबर आणि उजवी मांडी आतून जळत होती. कोणी मुतखडा म्हणालं, कोणी म्हणालं शिलाई मशीनवर बसून बसून होतं असं. मनावर घेऊ नकोस, असं एकदा तिचा नवरा सोमनाथही म्हणून गेला होता. आता गाठ स्कॅनच्या फोटोत दिसली, तेव्हा कुठे सगळ्यांना तिचं दुखणं खरं वाटायला लागलं.

सोमनाथ अंबडच्या एका कारखान्यात वायरमन होता. त्यामुळे डॉ. मोहिनी दीक्षितांनी समजावलं ते त्याच्या पटकन ध्यानात आलं. वायरीवर असतं तसं नसेवरही आवरण असतं, त्या आवरणातून ही गाठ वाढलेली. पोटात इतक्या खोल ती फार क्वचित होते. पोट न फाडता, बारीक छेद घेऊन दुर्बिणीतून काढता येईल. मात्र नस गाठीत किती अडकली आहे ते आत गेल्यावरच कळणार होतं. पाय कमजोर पडण्याची भीती होती.

"पायाचं व्हायचं ते होऊ दे," हर्षाली म्हणाली. "पण सगळी काढा, मॅडम. आत काही ठेवू नका."

डॉक्टरांनी सोमनाथकडे पाहिलं. त्याने मान हलवली. तेव्हा ते सोपं वाटलं होतं.

ऑपरेशनच्या दिवशी हर्षालीचे वडील सावळीराम हरसूलहून आले. दोघं बाहेरच्या बाकावर बसून राहिले. म्हातारा मधूनच भाताच्या आवणीचं काहीतरी काढायचा आणि अर्ध्यावर थांबायचा. दुपार कलल्यावर दार उघडून डॉक्टर स्वतः बाहेर आल्या, तसा सोमनाथ उठून उभा राहिला.

गाठ बरीचशी सुटली होती. पण तिच्या पाठच्या सालीत मांडीची मोठी नस रुतून बसली होती. साल तशीच ठेवली तर पाय शाबूत राहील, मात्र पुढेमागे गाठ पुन्हा वाढू शकेल. साल काढायची तर नस कापावी लागेल, मग गुडघा वजन धरणार नाही.

"मी तुमच्या जागी असते तर साल ठेवली असती," डॉक्टर म्हणाल्या. "पण त्यांनी स्वतः वेगळं सांगितलंय. म्हणून विचारायला आले."

"तिलाच उठवून विचारता नाही का येणार?"

"आत्ता नाही. आज थांबले तर पुन्हा आत शिरणं फार अवघड होईल."

सोमनाथने सासऱ्याकडे पाहिलं. सावळीराम टोपी हातात घेऊन जमिनीकडे बघत होते.

"मी काय सांगू जावईबापू? मला त्यातलं काय बी कळत नाय."

हर्षालीचं बोलणं सोमनाथच्या कानात होतं. पण डोळ्यांपुढे आली ती काठी टेकत, पाय ओढत चालणारी हर्षाली. ते चित्र त्याला सोसवेना.

"पाय राहू द्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने पाय हलवून पाहिला. पोटावर चिकटपट्टीचे चार लहान तुकडे, बाकी काही नाही. मग तिने विचारलं, "सगळी निघाली ना?"

डॉक्टरांनी सांगावं असं त्याला फार वाटलं. पण ती त्याच्याकडेच बघत होती. त्याने सांगितलं.



"मी आधीच सांगितलं होतं तुम्हाला," ती म्हणाली. "तुमच्यासमोर सांगितलं होतं."

पाणी देऊ का, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली.

घरी आल्यावर शेजारपाजारचे बघायला आले. एवढ्याशा छेदांतून सुटलीस बाई, असं जो तो म्हणाला आणि हर्षालीने प्रत्येकाला हो म्हटलं. जळजळ कमी झाली, गेली नाही. ती पुन्हा मशीनवर बसू लागली. सोमनाथशी भांडली नाही, त्या दिवसाबद्दल पुन्हा बोललीही नाही. कधी तिचा हात मांडीवर गेला की तो दुसरीकडे बघायचा.

सहा महिन्यांनी एमआरआयला बोलावलं. साल होती तेवढीच असेल तर पुढच्या वर्षी पुन्हा पाहायचं, वाढली असेल तर परत ऑपरेशनचा विचार करायचा, असं डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं. आत धातू चालत नाही म्हणून हर्षालीने मंगळसूत्र आणि जोडवी काढून त्याच्या हातात दिली.

"मी इथेच आहे," तो म्हणाला.

"हो," ती म्हणाली आणि आत गेली.

आतून मशीनची ठकठक सुरू झाली. सोमनाथ मूठ घट्ट मिटून दाराकडे बघत बसला.